लॅपलँडच्या हिवाळ्यात घराबाहेर रमायचे असेल तर

फिनलंडच्या उत्तर टोकाला पसरलेल्या लॅपलँडमध्ये ऑक्टोबरअखेरीस किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला बर्फ साचू लागतो आणि उत्तरेकडच्या भागांत तो मे महिन्यापर्यंत जमिनीवर टिकतो. वर्षाचा निम्मा काळ असा जात असल्यामुळे तिथली माणसे हिवाळा सरण्याची वाट पाहत घरात बसून राहत नाहीत. शाळकरी मुलांपासून सत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांपर्यंत सगळे स्की, घसरगाडी किंवा मासेमारीची छोटी काठी घेऊन बाहेर पडतात. बाहेरून येणारे पाहुणे मात्र बहुधा नाताळच्या आठवड्यात येतात, भाड्याचे जाड कपडे चढवून तासाभराची एखादी सफर करतात आणि उरलेला वेळ काचेच्या खिडकीआड घालवतात. हे मार्गदर्शन त्या पाहुण्यांसाठी नसून दिवसाचे चार-पाच तास स्वतःच्या पायांवर, उघड्या आकाशाखाली घालवू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. अशा लोकांचा आनंद मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे: त्यांनी कोणता महिना निवडला आणि त्यांनी आपला घाम कसा सांभाळला. थंडीचा आकडा त्यानंतर येतो.

महिना कोणता निवडावा

डिसेंबरमध्ये लॅपलँडच्या उत्तर भागात सूर्य उगवतच नाही. उत्स्योकी या फिनलंडच्या सर्वांत उत्तरेकडील नगरपालिकेत नोव्हेंबरच्या अखेरीस मावळलेला सूर्य थेट जानेवारीच्या मध्यावर दिसतो. आर्क्टिक वृत्तालगतच्या रोवानिएमी शहरात तो रोज उगवतो खरा, पण डिसेंबरच्या उत्तरार्धात दोन-सव्वादोन तासांतच क्षितिजाला टेकतो. या काळात पूर्ण काळोख असतो असे समजू नये. दुपारच्या सुमारास काही तास निळसर उजेड राहतो, आकाशाच्या दक्षिण कडेला गुलाबी झाक येते आणि बर्फामुळे तो उजेड दुणावतो. हा प्रकाश अतिशय देखणा असतो, पण त्यात लांबची वाटचाल करता येत नाही, आणि डोक्याला बांधलेल्या दिव्याच्या वर्तुळात स्की शिकणे नवख्याला जड जाते.

म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने मार्चचा मध्य ते एप्रिलचा मध्य हा काळ निवडावा. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस आणि रात्र सारखे होतात आणि एप्रिलअखेरीस उत्तरेकडच्या इनारीच्या परिसरात दिवस सतरा-अठरा तासांचा होतो. बर्फाची जाडी साधारण याच सुमारास सर्वाधिक असते, दुपारचे तापमान शून्याच्या आसपास येते आणि रात्री पुन्हा कडाक्याची थंडी पडते. दिवसा वितळलेला वरचा थर रात्री गोठून इतका घट्ट होतो की सकाळी त्यावरून हवे तिकडे चालत किंवा स्की करत जाता येते. फिनलंडमधल्या शाळांची हिवाळी सुट्टी फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चच्या पूर्वार्धापर्यंत प्रदेशानुसार वेगवेगळ्या आठवड्यांत येते. त्या काळात स्की केंद्रांतील मुक्कामाच्या जागा लवकर भरतात, हे तारखा ठरवताना लक्षात ठेवावे. ज्यांना उत्तर ध्रुवीय प्रकाश पाहण्याचीच ओढ आहे, त्यांच्यासाठीही मार्चचा पूर्वार्ध वाईट नाही. तेव्हा रात्री पुरेशा काळ्या असतात आणि डिसेंबरच्या मानाने आभाळ निरभ्र राहण्याची शक्यता जास्त असते.

झाडांवर साचलेल्या जाड बर्फाचे पांढरे मनोरे पाहायचे असतील, तर मात्र जानेवारी-फेब्रुवारीतच जावे लागते. दमट हवेतील बाष्प आणि बर्फ उंचावरील सूचिपर्णी झाडांवर थराथराने गोठत जातो आणि झाडाचे झाडपणच नाहीसे होते. पोसिओजवळच्या रिसितुंतुरी राष्ट्रीय उद्यानात हे दृश्य फार चांगले दिसते.

घाम आणि कपडे

उणे १५ अंशांत स्की करणारा माणूस पहिल्या वीस मिनिटांत घामाघूम होतो. तो थांबला की तोच घाम अंगातली ऊब शोषून घेतो आणि अर्ध्या तासात हुडहुडी भरते. लॅपलँडमध्ये थंडीने हैराण झालेल्या बहुतेक पाहुण्यांची गोष्ट अशी असते: कपडे कमी पडलेले नसतात, ते ओले झालेले असतात. त्यामुळे बाहेर पडताना पहिली पाच-दहा मिनिटे किंचित गारठा जाणवेल इतकेच कपडे घालावेत, चालायला लागल्यावर अंग तापण्याआधीच चेन उघडावी, टोपी काढावी किंवा एक थर पिशवीत ठेवावा, आणि थांबताक्षणी, थंडी वाजण्याची वाट न पाहता, जाड जाकीट चढवावे. हे सगळे कंटाळवाणे वाटते, पण दिवसभरात दहा वेळा करावे लागले तरी करावे.

अंगालगत मेरिनो लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर असावा. मधला थर लोकरीचा किंवा फ्लीसचा असावा आणि बाहेरचा थर वारा अडवणारा असावा. सुती कपडा कुठेच नको, अगदी अंतर्वस्त्रातही नको, कारण सूत पाणी धरून ठेवते. थांब्यावर घालायचे पिसांचे किंवा कृत्रिम भरणाचे जाकीट सगळ्या थरांवरून चढेल इतके सैल असावे. बूट नेहमीच्या मापापेक्षा एक माप मोठे घ्यावेत. दोन पायमोजे घालून बोटे हलवता आली नाहीत तर रक्तपुरवठा आवळला जातो आणि पाय अधिकच गोठतात. म्हणजे घट्ट बुटात दुसरा पायमोजा घालणे हे उपकारक नसून अपायकारक आहे. हातांसाठी पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा चार बोटे एकत्र राहतील असे मोजे चांगले, आणि त्यांच्या आत पातळ लोकरी मोजे असले की चेन लावताना किंवा छायाचित्र काढताना कातडी उघडी पडत नाही.

चेहऱ्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. गळ्याभोवतीची नळीसारखी पट्टी नाकापर्यंत ओढता आली पाहिजे. ती श्वासाने ओली होऊन कडक होते, म्हणून दुसरी खिशात ठेवावी. कानातले धातूचे दागिने काढून ठेवावेत. तोंडाला क्रीम चोपडल्याने हिमदंश टळतो, या समजुतीवर विसंबू नये. मार्च-एप्रिलमध्ये मात्र ऊन आणि त्याचे बर्फावरून होणारे परावर्तन इतके प्रखर असते की सनस्क्रीन आणि अतिनील किरण अडवणारा गॉगल अनिवार्य ठरतो. गॉगलशिवाय दिवसभर फिरलेल्याचे डोळे संध्याकाळी वाळू गेल्यासारखे खुपू लागतात.

अवजड कपडे विकत घेण्याची गरज नाही. सफरी घडवणाऱ्या बहुतेक संस्था जाड पोशाख, बूट आणि मोजे सफरीच्या शुल्कातच देतात, आणि स्की केंद्रांत उरलेले सगळे भाड्याने मिळते. स्वतःचे चांगले असावे ते आतले कपडे, पायमोजे आणि हातमोजे.

आकडा वाचताना

फिनलंडमधील आजवरचे नीचांकी तापमान, उणे ५१.५ अंश सेल्सिअस, २८ जानेवारी १९९९ रोजी किट्टिला नगरपालिकेतील पोक्का या गावी नोंदले गेले. असे दिवस विरळाच येतात. भर हिवाळ्यात उणे १० ते उणे २५ हा पट्टा सामान्य असतो आणि उणे ३० च्या खालचे दिवस अधूनमधून येतात. पण नुसत्या तापमानावरून निर्णय घेऊ नये. तापमान उणे २० असताना सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा सुटला, तर उघड्या कातडीला ते उणे ३३ च्या आसपास भासते. उलट वारा पडलेला असेल तर उणे २० मध्येही हालचाल करणाऱ्या माणसाला छान वाटते.

शांत, निरभ्र रात्री थंड हवा जड असल्याने दऱ्यांत आणि गोठलेल्या तळ्यांवर साचते, आणि माथ्यावरची हवा त्यामानाने उबदार राहते. गावात उणे ३० असताना शेजारच्या टेकडीवर दहा-बारा अंशांनी कमी थंडी असणे नवलाचे नाही. अशा दिवशी तळ्यावर जाण्यापेक्षा उतारावरच्या जंगलात फिरावे. वारा वाहत असेल तर याच्या उलट करावे: उघडा माथा टाळावा आणि झाडांच्या आडोशाने जावे. फिनिश हवामान संस्थेचा अंदाज सकाळी पाहताना तापमानाआधी वाऱ्याचा आकडा पाहण्याची सवय लावून घ्यावी.

स्की शिकताना

लॅपलँडचा खरा खेळ म्हणजे सपाटीवरचे आणि चढउतारांवरचे, स्वतःच्या ताकदीने करायचे स्कीइंग. यंत्राने दाबलेल्या बर्फात दोन समांतर चर पाडलेले असतात, त्यांत स्की ठेवून एकेक पाय पुढे सरकवायचा असतो. शेजारच्या रुंद सपाट पट्टीवर स्केटिंगसारख्या तिरक्या ढकलीने जाणारे वेगवान स्कीपटू असतात. नवख्याने चरांतली पारंपरिक पद्धतच धरावी. युल्लासच्या परिसरात असे तीनशे किलोमीटरहून अधिक मार्ग आहेत, आणि सारिसेल्का व पल्लासच्या भागांतही भरपूर आहेत. काही मार्गांवर संध्याकाळी दिवे लावलेले असतात, त्यामुळे भर हिवाळ्यातही तासभर फेरी मारता येते. युल्लास आणि पल्लाससाठी हेलसिंकीहून कोलारीपर्यंत रात्रीची आगगाडी आहे. सारिसेल्कासाठी इवालोचा विमानतळ जवळचा आहे.

स्की भाड्याने घेताना तळाला केसाळ पट्टी असलेल्या मागाव्यात. त्यांना मेण लावावे लागत नाही आणि चढावर त्या मागे घसरत नाहीत. पारंपरिक पद्धतीसाठी काठी खांद्याच्या उंचीपेक्षा जराशी खाली यावी. पहिल्या दिवशी काठ्या बाजूला ठेवून अर्धा तास फक्त पायांवर सरकावे. तोल नितंबावर न ठेवता पुढच्या पायाच्या तळव्यावर आणण्याची कला काठ्यांच्या आधाराने कधीच येत नाही. उतारावर वेग वाढला तर एक पाय चरातून काढून स्कीच्या टाचा बाहेर व टोके आत अशी पाचर करावी, आणि तेही साधले नाही तर खुशाल बाजूला बसून घ्यावे. पडल्यावर दोन्ही स्की एकमेकींना समांतर आणि उताराला आडव्या आणून मग गुडघ्यावर यावे. नाहीतर उठता उठता माणूस पुन्हा घसरतो.

मार्गावरचे शिष्टाचार काटेकोर आहेत. उजवीकडून जावे, थांबायचे तर मार्गाच्या पूर्ण बाहेर थांबावे, खाली येणाऱ्याला वाट द्यावी. चरांवरून पायी चालणे हा मोठाच गुन्हा समजला जातो, कारण बुटांच्या खड्ड्यांत पुढच्याची स्की अडकते. अंतराच्या बाबतीत लोभ धरू नये. पहिल्या दोन दिवसांत आठ-दहा किलोमीटर पुष्कळ झाले. वाटेतल्या कॉफीघरात गरम ब्लूबेरीचा रस पिऊन परतणे यात काहीही कमीपणा नाही.

ज्याला काहीच शिकायचे नाही त्याने स्नोशू, म्हणजे बुटांखाली बांधायचे रुंद सांगाडे, बांधावेत. पाय जरा फाकवून चालता आले की झाले. भुसभुशीत बर्फात कमरेपर्यंत रुतण्याऐवजी माणूस घोट्यापर्यंतच जातो, आणि राष्ट्रीय उद्यानांत त्यासाठी खुणा केलेल्या स्वतंत्र वाटा असतात. गावातल्या रस्त्यांवर उभे राहून एका पायाने ढकलत न्यायची घसरगाडीही भाड्याने मिळते. तिथल्या वृद्ध बायका तिच्यावर पिशवी ठेवून बाजारहाट करतात आणि पाहुण्यांना मागे टाकून निघून जातात.

गोठलेल्या तळ्यांवर

बर्फातल्या भोकातून मासे धरणे हा फिनलंडचा सर्वांत शांत आणि, माझ्या मते, सर्वांत कमी कौतुक झालेला हिवाळी छंद आहे. हातभर लांबीच्या काठीने अशी मासेमारी करायला साधारणपणे परवाना किंवा शुल्क लागत नाही. हा सगळ्यांना असलेला हक्क आहे, आणि परदेशी पाहुणाही त्यात येतो. सामन व व्हाइटफिश हे मासे चढतात अशा वाहत्या पाण्यांना आणि खास बंदी असलेल्या जागांना मात्र तो लागू नाही. हाताने फिरवायच्या गिरमिटाने भोक पाडावे, त्यातला बर्फाचा चुरा झाऱ्याने काढावा, चकाकता गळ तळापर्यंत सोडून वीतभर वर घ्यावा आणि मधूनमधून हलका झटका द्यावा. वीस मिनिटांत काही लागले नाही तर दुसरे भोक पाडावे. एकाच भोकापाशी हट्टाने बसणाऱ्याला मासा मिळत नाही आणि तो गारठतोही. बसायला जाड फोमचा तुकडा किंवा रेनडिअरचे कातडे हवे, आणि यासाठीचे कपडे स्कीच्या कपड्यांच्या दुप्पट हवेत, कारण इथे अंग हलत नाही.

बर्फाच्या जाडीबाबत फिनलंडमध्ये सर्वसाधारण मान असे आहे की एकट्या चालणाऱ्याला किमान ५ सेंटिमीटर आणि स्नोमोबाईलला (बर्फावर चालणाऱ्या मोटारगाडीला) किमान १५ सेंटिमीटर घट्ट, निळसर-काळा बर्फ हवा. हिमकणांनी बनलेला पांढुरका बर्फ याहून कमजोर असतो आणि वसंतातला सच्छिद्र बर्फ जाड असूनही फसवा असतो. नदीचे मुख, सामुद्रधुनीसारख्या अरुंद जागा, पुलांखालचा भाग, टोकदार भूशिरे आणि बोरूचे बन या जागा कायम टाळाव्यात. लोक्का आणि पोर्त्तिपाह्ता या जलाशयांत आणि खुद्द इनारी तळ्यात पाण्याची पातळी वीजनिर्मितीसाठी कमीजास्त केली जाते, त्यामुळे काठालगतचा बर्फ तडकतो किंवा त्याखाली पोकळी राहते. जाड बर्फावरही एक त्रास असतो: वरच्या भुसभुशीत थराच्या वजनाने खालचा बर्फ दबतो, भेगांतून पाणी वर येते आणि पांढऱ्याशुभ्र आच्छादनाखाली घोट्याएवढा चिखलासारखा लगदा तयार होतो. त्यात पाय पडला तर बुडण्याची भीती नसते, पण बूट ओला होतो आणि दिवस संपतो.

गळ्यात दोरीने अडकवायचे टोकदार हातखिळे कोणत्याही खेळसाहित्याच्या दुकानात मिळतात आणि तळ्यावर जाणाऱ्या प्रत्येकाकडे ते असावेत. बर्फ फुटून पाण्यात पडल्यास आधी श्वास आवरावा, आलो त्या दिशेला तोंड करावे, कारण तिथल्या बर्फाने नुकतेच आपले वजन पेललेले असते. मग पाय मागे आडवे मारत, खिळे रोवत छातीवर सरकत बाहेर यावे, आणि लगेच उभे न राहता लोळत लांब जावे.

ठरवून पाण्यात उतरण्याची गोष्ट वेगळी. सौनाची, म्हणजे गरम वाफेच्या स्नानगृहाची, संस्कृती २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली, आणि तिचाच एक भाग म्हणजे सौनातून निघून तळ्यातल्या मोकळ्या ठेवलेल्या भोकात डुबकी घेणे. शिडीवरून हळूहळू उतरावे, उडी मारू नये, डोके पाण्याखाली नेऊ नये. पाणी छातीशी येताच श्वास आखडतो, तेव्हा मुद्दाम लांब उच्छ्वास सोडत राहावे. पहिल्यांदा दहा-वीस सेकंद खूप झाले. लोकरी टोपी डोक्यावर आणि पाण्यात चालणारे बूट पायांत ठेवले तर यातनांचा बराच भाग कमी होतो. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि कोणीही मद्य घेऊन हे करू नये.

कुत्रे, रेनडिअर आणि यंत्रे

हस्की कुत्र्यांच्या घसरगाडीची दोन-तीन किलोमीटरची सफर ही बहुतांशी छायाचित्रांची सोय असते. परवडत असेल तर जिथे स्वतः गाडी हाकायला मिळते अशी किमान अर्ध्या दिवसाची सफर घ्यावी. हाकणारा मागच्या पट्ट्यांवर उभा राहतो आणि त्याच्या पायांमध्ये ब्रेक असतो. नियम एकच आणि पक्का: काहीही झाले, अगदी पडलात तरी, हातातली दांडी सोडायची नाही, कारण कुत्रे थांबत नाहीत. चढावर उतरून ढकलावे, उतारावर ब्रेकने दोर ताणलेला ठेवावा, म्हणजे गाडी कुत्र्यांच्या अंगावर जात नाही. निघण्यापूर्वी कान किटवणारा गलका करणारे हे कुत्रे पळू लागताच एकदम गप्प होतात.

फिनलंडमध्ये सुमारे दोन लाख पाळीव रेनडिअर आहेत आणि लॅपलँडच्या रानात मोकळा फिरणारा प्रत्येक रेनडिअर कुणाच्या तरी मालकीचा असतो. हिवाळ्याच्या अखेरीस त्यांच्या अंगावरची चरबी संपत आलेली असते आणि माद्या गाभण असतात, म्हणून कळप दिसला की थांबावे, वळसा घ्यावा, कुत्रा असेल तर साखळीत ठेवावा. सामी (तिथले मूळनिवासी) किंवा फिनिश पशुपालकाला त्याच्याकडे किती रेनडिअर आहेत असे विचारू नये. तो प्रश्न बँकेत किती पैसे आहेत असे विचारण्यासारखाच आहे. गाडी चालवताना रेनडिअरला धडक बसली तर ११२ क्रमांकावर कळवावे लागते.

स्नोमोबाईलबद्दल मला फारसा उत्साह नाही. चालवण्यासाठी वैध परवाना लागतो, अधिकृत मार्गांवर कमाल वेग ताशी ६० किलोमीटर आहे, आणि मार्ग सोडून रानात नेण्यास जमीनमालकाची परवानगी हवी. लांबचे अंतर कापायला ती उपयोगी आहे, पण मागे बसलेला माणूस कुडकुडण्याखेरीज काहीच करत नाही.

वाटा, आसरे आणि आग

फिनलंडमध्ये कुणाच्याही मालकीच्या जंगलातून पायी किंवा स्कीवर जाण्याचा आणि रात्रीपुरता तंबू ठोकण्याचा हक्क सगळ्यांना आहे. मात्र घराच्या अंगणाजवळ जाऊ नये, आणि शेकोटी हा त्या हक्काचा भाग नाही. तिला जमीनमालकाची परवानगी लागते. राष्ट्रीय उद्यानांत शेकोटीच्या ठरलेल्या जागा आणि तीन बाजूंनी बंद असलेले लाकडी आडोसे असतात. त्यांची देखभाल मेत्साहल्लितुस ही सरकारी वनसंस्था करते आणि बऱ्याच ठिकाणी सरपणही ठेवते. दुपारच्या जेवणाला असा आडोसा गाठायचा हे दिवसाचे ध्येय ठेवले की अंतर आपोआप बेताचे राहते.

उत्तरेकडच्या उद्यानांत, विशेषतः १९८३ मध्ये स्थापन झालेल्या उर्हो केक्कोनेन राष्ट्रीय उद्यानात, कुलूप नसलेल्या विनामूल्य झोपड्या आहेत. एक-दोन रात्री राहता येते, आगाऊ नोंदणी नसते. जागा अपुरी पडली तर आधी आलेल्याने उठायचे, उशिरा पोहोचलेल्या दमलेल्या माणसाचा हक्क पहिला. निघताना फरशी झाडावी, पुढच्यासाठी ढलप्या काढून सरपण चुलीपाशी ठेवावे, आपला कचरा बरोबर न्यावा आणि नोंदवहीत नाव, तारीख व पुढचा मार्ग लिहावा. ही वही शोध घेणाऱ्यांना पहिला धागा पुरवते, म्हणून ती औपचारिकता समजू नये.

शरीर काय सांगते

हिमदंशाची सुरुवात दुखण्याने होत नाही, दुखणे थांबण्याने होते. नाक, गाल, कान किंवा बोटाच्या टोकावर पांढरट, मेणचट ठिपका दिसतो आणि तिथली जाणीव जाते. स्वतःचा चेहरा स्वतःला दिसत नाही, म्हणून सोबत्यांनी पंधरा-वीस मिनिटांनी एकमेकांचे चेहरे पाहावेत. ठिपका दिसला तर उबदार तळहात त्यावर धरावा, बोटे काखेत घालावीत. चोळू नये, आणि बर्फाने चोळण्याची जुनी कल्पना तर पूर्णपणे चुकीची आहे. जाणीव परत आली नाही किंवा फोड आले तर डॉक्टरांकडे जावे.

शरीराचे एकूण तापमान घसरू लागले की माणूस अडखळतो, हातातल्या वस्तू पाडतो, जीभ जड होते, तो उगाच चिडतो किंवा गप्प होतो. कुडकुडणे थांबूनही तो उबदार झालेला नसेल तर ती धोक्याची अवस्था आहे. त्याला वाऱ्यापासून आड करावे, ओले कपडे बदलावेत, खालून जाड आच्छादन द्यावे, शुद्धीवर असेल तर गोड गरम पेय पाजावे आणि ११२ वर फोन करावा. फिनलंडचे ‘११२ सुओमी’ हे अ‍ॅप त्यातून केलेल्या फोनबरोबर आपले ठिकाणही कळवते, ते आधीच उतरवून ठेवावे. मोबाईल आतल्या खिशात अंगालगत ठेवला नाही तर थंडीत बॅटरी बघता बघता बसते, आणि दूरच्या दऱ्यांत संपर्क नसतो, म्हणून कागदी नकाशा व होकायंत्र हवेच.

थंड हवेत तहान लागत नाही, पण श्वासातून पाणी जातच असते. थर्मासमधले कोमट पाणी आणि मूठभर सुकामेवा किंवा चॉकलेट दर तासाला घ्यावे. तीस अंशांच्या जवळपास किंवा त्याहून तीव्र चढाच्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका असतो. लॅपलँडच्या टेकड्या बुटक्या दिसतात म्हणून तो नाकारू नये, फिनिश हवामान संस्था तिथल्या स्की भागांसाठी त्याचा अंदाजही देते. अंधारात रस्त्याकडेने चालताना परावर्तक लटकवण्याची अपेक्षा फिनलंडच्या वाहतूक कायद्यातच आहे.

मुलांच्या बाबतीत एकच सांगावेसे वाटते: जे मूल आपल्या मागच्या घसरगाडीत बसलेले आहे ते हलत नाही, आणि ओढणारा घामाने निथळत असताना ते गोठत असू शकते. मोठ्यांना छान वाटते आहे, एवढ्यावरून अंदाज बांधू नये. दर थांब्यावर मोजे काढून त्याची बोटे चाचपावीत.

परतल्यावर आणि हंगाम सरताना

खोलीत शिरण्यापूर्वी कॅमेरा बंद पिशवीत घालावा आणि तापमान सारखे होईपर्यंत उघडू नये, नाहीतर भिंगावर आणि आतही दव धरते. बुटांचे आतले अस्तर, मोजे आणि गळपट्टी त्याच संध्याकाळी वाळवायला काढावीत. बहुतेक निवासस्थानांत त्यासाठी वाळवणीचे कपाट असते. हेअर ड्रायरने कातडी बूट तापवू नयेत, ते तडकतात.

एप्रिल सरत आला की दिवसाचे गणित उलटे करावे. पहाटे पाच-सहाला निघावे, कडक पृष्ठभागावरून हवे तसे भटकावे आणि दहा-अकराच्या सुमारास, पायाखालचा थर खचू लागण्याआधी, परतावे. ज्या दिवशी रात्रीचे तापमान शून्याखाली जाणे थांबते, त्या दिवसापासून स्की मांडीपर्यंत रुततात, ओढे बर्फाखालून फुटतात आणि तळ्यांच्या काठी पाण्याची काळी पट्टी दिसू लागते. ती पट्टी दिसली की त्या वर्षीची तळ्यावरची मासेमारी संपली असे समजून गिरमीट तेल लावून ठेवून द्यावे.